तीन वर्षांनी मोठी

संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा सुरू झाला की आमच्या गावाचा वास बदलतो. सकाळी दव पडलेल्या गवताचा, दुपारी उन्हात पडलेल्या सालीचा, आणि दिवस कलला की रस्त्यावर कॅरेटवर कॅरेट चढवत उभ्या असलेल्या गाड्यांचा. परवापासून तोच वास सुटला आहे. पांढुर्ण्याच्या मंडीकडं जाणाऱ्या गाड्या दारावरून जातात. पूर्वी हा वास आला की मी न्याहारी न करता बागेत पळायचो. आता दार लोटून घेतो. सून म्हणते, "बाबा, घरात गरमी होऊन राह्यली." मी म्हणतो, होऊ दे.

मागच्या वर्षीचा तोडा अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

मी बागवान नाही. मी कलमा बांधणारा माणूस. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला चाकूनं चीर द्यायची, तिच्यात चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा बसवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. काही आठवड्यांनी पट्टी सोडली की कळतं, डोळा जगला का मेला. माझ्या हातचे फार कमी मरायचे. माझ्या हातची झाडं तिगावपासून मोहगावपर्यंत उभी आहेत. काही तर माझ्या आधी म्हातारी होऊन तोडलीही गेली. मी चौथीपर्यंत शिकलो, पण झाडाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. शेतीखात्याचे एक साहेब आले होते एकदा. त्यांनाही मी हेच तोंडावर सांगितलं.

हे काम मला सासऱ्यानं शिकवलं. तेव्हा तो सासरा नव्हता, उस्ताद होता. वरूडकडच्या एका गावात त्याची रोपं होती. आमच्या गावातून बैलगाडीनं निघालं की दिवस जायचा. मध्ये कुठंतरी राज्याची हद्द लागायची, पण ती बैलांना दिसायची नाही आणि आम्हालाही नाही. तिकडंही संत्रा, इकडंही संत्रा. तिकडंही "करून राह्यलो", इकडंही "करून राह्यलो". उस्तादाची पोरगी पट्ट्या बांधायची. मी डोळा बसवत पुढं जायचो, ती बांधत मागून यायची. माझा हात चुकला तर ती बोलायची नाही. नुसती पट्टी हातात धरून थांबायची. मग मलाच समजायचं. तीच वच्छला. लग्न झालं तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, ती चोवीस.

तीन वर्षांनी मोठी. आजच्या लोकांना यात काही वाटणार नाही. आमच्या गावाला तेव्हा फार वाटत होतं. वरातीच्या दुसऱ्याच दिवशी पारावर एकानं विचारलं, "काबे, बायको आणली का मावशी आणली?" मी त्याची गचांडी धरली आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "माह्यापेक्षा पाच वर्षांनं लहान हाय. डोळे फुटले का तुह्ये?"

झालं. एकदा तोंडातून निघालं ते निघालं. मी शब्द मागं घेणारा माणूस नाही. पुढं पन्नास वर्षं तेच सांगत आलो आणि वच्छला ऐकत आली. तिनं एकदाही खोडून काढलं नाही. कधी माझ्यावर चिडली तर एवढंच म्हणायची, "मोठ्या माणसाचं आयकत जा जरा." ऐकणाऱ्यांना वाटायचं, ही माझ्या आईबद्दल बोलते.

आधारचं यंत्र गावच्या शाळेत आलं तेव्हाची गोष्ट. यंत्रवाला ज्याला त्याला जन्मतारीख विचारत होता. आमच्या पिढीत जन्मतारीख कोणाजवळ असते? कोणी पुराचं साल सांगे, कोणी बैलजोडी मेली ते साल सांगे. माझं माझ्या शाळेच्या दाखल्यात होतं, ते मी दिलं. वच्छलाचा नंबर आला. ती तोंड उघडणार तेवढ्यात मी मागून म्हणालो, "माह्यापेक्षा पाच वर्षं कमी लिहा." मागं रांगेत अर्धं गाव उभं होतं. यंत्रवाल्यानं एक जानेवारी टाकली आणि साल मी सांगितलं ते. वच्छलानं वळून माझ्याकडं पाहिलं. मग काचेवर बोटं ठेवली.

ते बोटं ठेवणं मला आता रोज दिसतं.

मागच्या तोड्यात ती शेजारच्या बागेत फळं निवडायला गेली होती. मी नको म्हणत होतो. पण बागवाले तिला बोलवायलाच यायचे. मोठं फळ इकडं, बारीक तिकडं, डागी मागं. तिच्या हातालाच ते कळायचं, डोळे बाकीच्या बायकांशी बोलण्यात. त्या दिवशी ठिबकच्या नळीत तिचा पाय अडकला. फार जोरात पडली नाही. बायका म्हणाल्या, बसलीच म्हणा ना. पण बसली ती उठली नाही. मी पोचलो तेव्हा ती संत्र्यांच्या ढिगाला टेकून होती. पदरात दोन फळं तशीच धरलेली.

"ऊठ," मी म्हणालो.

"हा पाय माह्यावाला वाटूनच नाही राह्यला," ती म्हणाली.

दवाखाना कोणता ते मी लिहीत नाही. तिथली नर्सबाई भली होती, तिच्यावर बालंट नको. फोटो निघाला. खुब्याजवळ हाड मोडलं होतं. नर्सबाई म्हणाली, "बाबा, नागपूरले न्या."

"काहून? इथं हाडाचा डॉक्टर नाही का?"

"पद हाय."

"मग?"

"पद हाय बाबा, मानूस नाही. भरती निघाली हाय."

"कधी निघाली?"

ती हसली. "निघूनच राह्यली हाय."

तिनं वच्छलाच्या पायाला वजन बांधायची पट्टी लावून दिली, सुई दिली, आणि चिठ्ठीवर लिहिलं, रेफर. आमच्या भागात शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही हा एक शब्द येतो. पोटुशीला रेफर, साप चावलेल्याला रेफर, छातीत कळ आली रेफर. कपाशी वेचतानासुद्धा बायका एकमेकींना म्हणतात, तुह्या नवऱ्याले रेफर कर.

आमचा जिल्हा नवा झाला तेव्हा ढोल वाजले होते. मीही पेढा खाल्ला, खोटं काहून बोलू? आता छिंदवाड्याचे हेलपाटे संपले म्हणून आनंदच झाला होता. पाट्या रंगल्या. साहेब आले, त्यांच्या गाड्या आल्या. हाडाचा डॉक्टर कोणत्या गाडीत बसायचा राहिला, ते मला अजून कळलेलं नाही. वेळ लागतो म्हणतात. लागत असेल. कलम जगायलाही वेळ लागतो, मी उतावळा माणूस नाही. पण कलम बांधून ठेवता येतं. मोडलेली बाई किती दिवस बांधून ठेवायची?

आणि सरकारला येत नाही असंही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते. दोन्ही काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात, कोणाच्या तरी आठवणीसाठी म्हणतात, मीही तरुणपणी मारले आहेत, माझ्या भुवईवर खूण आहे. त्या एका दिवशी नदीकाठी तंबू लागतात, खाटा लागतात, कुठकुठून डॉक्टर येतात, रुग्णवाहिका ओळीनं उभ्या राहतात. संध्याकाळी सगळं उठतं. वच्छला पडली तेव्हा गोटमार होऊन दोन महिने झाले होते. वजन बांधलेल्या पायानं गाडीत निजून ती म्हणाली, "पोळ्याच्या करीले पडाले पायजे होतं मी. डोक्स्यात गोटा घालून घेतला असता तं पाच डॉक्टर धावले असते."

तिला विनोद सुचायचा तो असा. मला हसू आलं नाही.

नागपूर आम्हाला जवळ. सौसरवरून सरळ रस्ता आहे. आमची पोरं तिथं कामाला, आमच्या लेकी तिथं दिलेल्या, आमचा कापूस-संत्रा तिथं जातो. भोपाळ आम्ही बातम्यांत पाहतो. पण कागदावर आम्ही भोपाळचे. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एका तरण्या डॉक्टरनं फोटो उजेडावर धरून पाहिला आणि बोरगावला कंपनीत असलेल्या माझ्या मुलाला, सुरेशला, विचारलं, "आयुष्मान कार्ड आहे का? आत बसवायचं सामान कार्डावर मिळेल. नाहीतर बाहेरून आणावं लागेल." बाहेरून आणायची आमची ऐपत नव्हती. डॉक्टर म्हणाला, "कार्ड असलं तर याच आठवड्यात करू. लवकर या. हाड थांबत नाही."

कार्ड आमच्या घरात एक होतं. माझं. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना मिळतं, श्रीमंत असो की गरीब, म्हणून मला मिळालं होतं. मला तोवर साधी सर्दीही झाली नव्हती. त्याआधी गरिबांच्या यादीतून दोघांनाही मिळालं असतं, पण यादीवाला आला तेव्हा मीच त्याला ओट्यावरून परत लावून दिलं होतं. आम्ही काही भिकारी नाही, असं म्हणालो होतो.

दवाखान्याच्या पायरीवर बसून सुरेशनं मोबाइलवर पाहिलं. "बाबा, आधारवर आईचं वय अडुसष्ट हाय."

"मग?"

"सत्तर पायजे. दोन वर्षं कमी पडून राह्यले."

मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. ती शहात्तरची होती. मी त्याच क्षणी बोलायला पाहिजे होतं. त्या पायरीवर. सुरेश माझ्याकडं पाहत होता आणि मी समोरच्या रसवंतीकडं पाहत होतो. तोंडातून निघालं, "पाहू काही तरी."

ते "काही तरी" पाहण्यात पंधरा दिवस गेले. हे लिहिताना हात अडतो, पण लिहितो.

वच्छलाला घरी आणलं. खाटेच्या पायथ्याशी दोरी, दोरीला दोन विटा, आणि विटांनी ताणलेला तिचा पाय. उजवीकडं कूस नाही, डावीकडं कूस नाही. नुसतं वर पाहायचं. बाहेर तोडा जोरात होता. बायका जाता-येता दारातून डोकावायच्या, "काकू, लवकर उठा वं, तुमच्याबिगर ढीग लागून राह्यला." ती म्हणायची, "लागू द्या, आली की उरकतो."

आणि मी भाऊंकडं गेलो. भाऊ म्हणजे आमचे पुढारी, नाव कशाला हवं, सगळेच त्यांना भाऊ म्हणतात. निवडणुकीत ते माझ्या ओट्यावर येऊन पाया पडले होते. मी कधी त्यांच्या दारात गेलो नव्हतो. त्या वेळी गेलो, कारण भाऊंच्या चिठ्ठीनं काम झालं असतं तर मला खरं सांगायची पाळी आली नसती. एवढंच होतं माझ्या मनात. दुसरं काही नव्हतं.

भाऊंच्या माणसानं मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, "आजीचं वय कमी हाय. दोन वर्षं थांबा, मंग आपोआप होते."

"दोन वर्षं पाय लटकवून ठेवू का?"

"आता बाबा, कायदाच तसा हाय. भाऊनं थोडीच केला?"

आतून भाऊ आले, मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा दिला, चिठ्ठी दिली. योग्य ती मदत करावी, खाली सही, शिक्का. मी ती टोपीत ठेवली. सुरेश ती घेऊन नागपूरला गेला आणि दिवस मोडून परत आला. खिडकीतल्या बाबूनं चिठ्ठी उलटसुलट पाहून त्याला म्हटलं होतं, "हे तिकडचे भाऊ आहेत. इथं इथले भाऊ लागतात."

बैलांना न दिसणारी ती हद्द मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

वच्छलाला सगळं कळत होतं. मी कशासाठी धावतो आहे आणि कशापासून पळतो आहे, दोन्ही. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. आमच्या गावची आशा दीदी प्रतिभा रोज येऊन तिची पाठ पाहायची. पाठीला जखम होऊ नये म्हणून सुनेला तिची कंबर कशी उचलून धरायची ते शिकवायची. एका सकाळी तिनं पातळ वर केलं आणि सुनेला जवळ बोलावलं. माकडहाडावर रुपयाएवढी कातडी लाल होऊन सुटली होती.

"काकू, दुखत नाही का वं?" प्रतिभानं विचारलं.

"दुखते."

"मंग सांगता काहून नाही?"

"कोणाले सांगू? हे आधीच धावून राह्यले."

मी दारात उभा होतो. कलमाच्या वेळी माझा हात चुकला की ती पट्टी धरून थांबायची, तशीच थांबलेली होती. पंधरा दिवस. मी घरात गेलो, सुरेशला उठवलं, आणि म्हणालो, "तुही माय अडुसष्टची नाही. शहात्तरची हाय. माह्यापेक्षा मोठी हाय."

सुरेश खाटेवर बसूनच राहिला. "तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

"नागपूरले पायरीवर बसलो होतो तेव्हा?"

"हो."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यानं चपला घातल्या आणि विचारलं, "पुरावा कुठी हाय?"

पुरावा तिच्या माहेरच्या शाळेत होता. दोन इयत्ता शिकली होती ती. मी आणि सुरेश वरूडकडं गेलो. हेडमास्तर चांगला माणूस, त्यानं कपाटातून लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडलेली. शोधता शोधता त्याचं बोट थांबलं. वच्छला, बापाचं नाव, गाव, जात, धंदा शेती, जन्मतारीख. शाई तांबूस झाली होती पण वाचता येत होती. जवळजवळ सत्तर वर्षं ते खरं त्या कपाटात बसून होतं. मी बाहेर काय सांगत फिरतो त्याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं.

दाखला घेऊन आम्ही आधारच्या सेवा केंद्रात गेलो. खुर्चीतला माणूस बाहेरून बदली होऊन आलेला. "ये तो मराठी में है."

"अक्षर तेच हाय बाबू," मी म्हणालो, "आकडे तरी वाचा."

"और महाराष्ट्र का है."

"हो. बाई महाराष्ट्रात जन्मली. काय करू? तिच्या मायले इकडं आणून बाळंत करायचं कोणाले सुचलं नाही."

रांगेतले हसले. त्यालाही हसू आलं असावं, पण त्यानं ते दाबलं. दाखल्याची नक्कल, तिच्यावर शिक्का, शिक्क्यावर सही, असं दोन-चार फेऱ्यांत झालं. शेवटी तो म्हणाला, अम्मांना स्वतः यावं लागेल. अंगठा, डोळे, फोटो. मी म्हणालो, तिचा पाय विटांना बांधला आहे. तो म्हणाला, "मैं समझता हूँ बाबाजी, लेकिन मशीन घर नहीं जाती." वाईट माणूस नव्हता. या सगळ्या प्रकरणात मला एकही वाईट माणूस भेटला नाही. हेच मला समजत नाही. सगळी माणसं भली, आणि काम असं.

तोड्याचे दिवस, गाडी रिकामी कुठून मिळणार? शेजारच्या बागवाल्यानं पिकअपमधली अर्धी कॅरेटं उतरवली आणि तिथं गादी टाकली. वच्छला संत्र्यांच्या शेजारी निजून गेली. खड्डा आला की तिचा हात माझ्या मनगटावर आवळायचा. केंद्रासमोर गर्दी होती. नेमकं त्या दिवशी शिबिर होतं, मांडव, भोंगा, पुढाऱ्यांचे फोटो. चार जणांनी तिला गादीसकट उचलून आत नेलं. यंत्राच्या माणसानं दाखला पाहिला, मग खाली वाकून मोठ्यानं विचारलं, "अम्मा, उमर कितनी है आपकी?"

वच्छलानं माझ्याकडं पाहिलं. मग त्याला म्हणाली, "अडुसष्ट."

"अम्मा, कागज में तो छिहत्तर है."

"अडुसष्टच. हे सांगतात तेच खरं."

तो माणूस हात थांबवून बसला. मागं लोक ताटकळले. पन्नास वर्षं मी पारावर बोललेला शब्द तिनं मोडलेल्या हाडानिशी सांभाळला होता, आणि तिथंही सांभाळत होती, जिथं सांभाळल्यानं तिचाच पाय जाणार होता. मी पुढं झालो आणि मांडवातल्यांनाही जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "खोटं हाय ते. मी सांगितलेलं खोटं हाय. ही माह्यापेक्षा तीन वर्षांनं मोठी हाय. शहात्तर लिहा."

मग मागून कोणी तरी म्हणालं, "म्हंजे बुढ्यानं मोठी बायको केली!" आणि हशा पिकला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. भोंग्यावरचा माणूससुद्धा थांबला. आणि मग लगेच कोणी म्हणालं, "चला चला, पुढचा नंबर," आणि लोक आपापल्या कागदांत डोकं घालून बसले.

एवढंच. मी पन्नास वर्षं ज्याला भीत होतो ते एवढंच होतं. चहा निवायला लागतो तेवढाही वेळ त्याला लागला नाही.

वच्छलानं काचेवर बोटं ठेवली.

यंत्रातलं वय बदलायला दिवस लागले. ते बदलल्यावर कार्डाच्या यादीत यायला दिवस लागले. मग फोनवर आकडे यायचे, सुरेश ते भरायचा, गोल गोल फिरायचं, पुन्हा उद्या. प्रतिभानं आपल्या मोबाइलवरूनही पाहिलं, तिच्या साहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, सर्व्हर. सर्व्हर कोण ते मला माहीत नाही. त्यालाही भेटून पाया पडायची माझी तयारी झाली होती. मध्येच वच्छलाच्या छातीत कफ भरला, ताप आला. निजून निजून होतो म्हणाले. तो उतरला, पण तिचा आवाज बारीक झाला तो झालाच. तोडा संपला. बागा मोकळ्या झाल्या, गाड्या बंद झाल्या, रस्त्यावर फुटक्या फळांवर माश्या बसल्या. आणि कार्ड आलं.

सुरेशनं मला दाखवलं. तिचा फोटो, तिचं नाव, जन्माचं खरं साल. मी त्या सालाकडं पाहत राहिलो.

नागपूरला तोच तरणा डॉक्टर होता. नवा फोटो त्यानं जुन्याशेजारी लावला. मग माझ्याजवळ स्टूल ओढून बसला. म्हणाला, बाबा, आता ते साधं ऑपरेशन राहिलं नाही. हाड नको तिथं बसलं आहे, पूर्ण सांधा बदलावा लागेल. आणि आजींची छाती आता भूल सोसणार नाही. मी करणार नाही. कोणी करतो म्हटलं तरी करू देऊ नका.

"कार्ड हाय ना आता," मी म्हणालो.

"हो बाबा. कार्ड बरोबर आहे."

"पहिल्यांदा आलो होतो तेव्हा झालं असतं?"

त्यानं खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, "बहुतेक झालं असतं."

मी माझी चूक झाकत नाही. पंधरा दिवस माझे आहेत, ते मी कोणाच्या माथी मारणार नाही. पण बाकीचे आठवडे कोणाचे? अडुसष्टचं हाड आणि सत्तरचं हाड, दोन्ही मोडल्यावर सारखीच दुखतात, हे कायदा करणाऱ्याला ठाऊक नसेल का? तिचं वय मी सांगितलं तेवढंच असतं, खरोखर अडुसष्ट, तर मग तिनं काय करायचं होतं? एका हट्टी म्हाताऱ्याच्या तोंडच्या शब्दावर बाईचा पाय ठरावा, असा दवाखाना कोणी बांधला? हे मी भाऊंनाही विचारलं. यंदा ते पुन्हा ओट्यावर आले होते. ते म्हणाले, तुमचं अगदी बरोबर आहे बाबा. असं म्हणून ते पुढच्या घरी गेले. मला आता कोणाशी भांडायचा दम राहिला नाही. पूर्वी होता. पूर्वी मी गचांडी धरली असती.

परत येताना सौसरच्या अलीकडं गाडी थांबवून सुरेश पाणी आणायला उतरला. वच्छला डोळे मिटून होती. मी म्हणालो, "मी तेव्हाच बोललो असतो तर."

"हो," ती म्हणाली. नाही म्हणाली नाही. एवढ्यासाठीही मी तिला मानतो. मग काही वेळानं डोळे न उघडताच म्हणाली, "आता निदान सगळ्यायले माहीत हाय, मी मोठी हाय म्हून. आता मी जे सांगीन ते आयका लागन."

तेव्हापासून ऐकतो.

सकाळी ऊन अंगणात आलं की तिला खाटेवरून खुर्चीत बसवायचं असतं. सून करते म्हणते, मी करू देत नाही. प्रतिभानं मला शिकवलं आहे: एक हात काखेखालून पाठीवर, एक कमरेला, आपले गुडघे वाकवायचे, तिचं कपाळ आपल्या खांद्यावर घ्यायचं आणि दोघांनी मिळून उठायचं. पहिल्यांदा दोघंही पडता पडता वाचलो. आता जमतं. तिचा चांगला पाय जमिनीला टेकतो, दुसरा लोंबत राहतो. खुर्ची हातभर अंतरावर असते. वळायचं आणि सोडायचं, एवढंच काम.

काल वळायला लागलो तर तिनं माझ्या सदऱ्याला घट्ट धरलं.

"थांबा," ती म्हणाली. "लगेच बसवू नका. उभी राहू द्या जरा."

मी तिचं कपाळ खांद्यावर तसंच धरून ठेवलं. रस्त्यावरून कॅरेटं भरलेली गाडी गेली, तिच्यामागं दुसरी गेली. ती बसवा म्हणेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.